चवळीचे बारा दाणे

"सगळी रात्र डोळा लागत नाही, असं होतं का?" रुंबीने कार्डावरून वाचलं.

मुनाशे आईकडे बघत राहिला. सोळा वर्षांचा, दारातून वाकून जावं लागेल इतका उंच. पण गेले तीन महिने शाळेचं तोंड त्याने पाहिलं नव्हतं.

"तिच्याकडे काय बघतोस? ती झोपते, घोरतेसुद्धा," सेकेसाईआजी म्हणाली. "तुझं बोल."

"होतं."

आजीने मुठीतला चवळीचा एक दाणा उजव्या मांडीवर ठेवला. हो आलं की उजवी मांडी, नाही आलं की डावी. बारा प्रश्न, बारा दाणे; मूठ रिकामी झाली की काम संपलं. उजवीकडे चार जमले तर पोराला दवाखान्यात न्यायचं, असा नियम होता.

आरोग्यसेविकेचा निळा गणवेश अंगावर चढवून तिला एकोणीस वर्षं झाली होती. त्यातल्या शेवटच्या तीन वर्षांत मोतीबिंदूने अक्षरं पार पुसून टाकली होती. दवाखान्यात कळलं तर गणवेश काढून घेतील, म्हणून तिने कुणापाशी अवाक्षर काढलं नव्हतं. हे नवं कार्ड आलं तेव्हा नातीने, रुंबीने, वाचलं आणि आजीने तेवढे दाणे मोजून घेतले. गुपित दोघींचंच.

रुंबीची आई जोहान्सबर्गला लोकांची घरकामं करायची. पोर पंधराची, पण अशी गुणाची पोर आसपासच्या दहा गावांत नाही, असं आजी कुणालाही ऐकवायची. आजीला मदत म्हणून तिने नेटबॉल सोडला, मैत्रिणी सोडल्या. वाया जायला नकोत म्हणून रेडिओतले सेल काढून ठेवले, आणि धूळ बसू नये म्हणून वर जाड कांबळं टाकलं. या वयात इतकी समज कुणाला असते?

"कोणी नसताना कोणाचं बोलणं ऐकू येतं का?" हा नववा.

मुनाशेने मान खाली घातली. "येतं. आजोबांचं."

"ऐकलंत ना?" त्याची आई पुढे सरकली. "पूर्वज आलेत हो अंगात. दीरांनी पूर्वजांच्या विधीसाठी बिअर आंबवायला घातलीय. ढोल वाजले की मोकळा होईल पोरगा."

आजीने दाणा उजवीकडे ठेवला. हा पाचवा होता.

"माझ्या पोरासाठी, लव्हमोरसाठी, दोन वर्षं ढोल वाजले," ती म्हणाली. "सतराचा होता. आधी खिडकी लावून बसायला लागला. मग जेवणात विष शोधायला लागला. आणि मी बावळट, तुझ्यासारखीच खूश, की घरात पूर्वज आले. नेला शेवटी दवाखान्यात, तर डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी आणायचा होतात. पुढे एका सकाळी धरणाकडे गेला. परत आला नाही."

मुनाशेची आई डोक्याच्या रुमालाने चेहरा पुसू लागली.

"तुला ढोल वाजवायचेत तर वाजव बाई. पूर्वज थांबतील चार दिवस. पण आधी दवाखाना."

दहावा प्रश्न झाला. "नाही," मुनाशे म्हणाला, आणि दाणा डावीकडे गेला.

"अजून दोन राहिलेत," रुंबी म्हणाली. "बंद रेडिओ तुझं नाव घेतो का?"

मुनाशेला हसू फुटलं. "रेडिओ? नाही."

"नीट आठव."

"नाही गं."

"कणगीमागे उभं राहून कोणी तुझी पावलं मोजतं का?"

"नाही."

या दोन प्रश्नांना सगळीच पोरं हसायची. राजधानीतल्या, हरारेतल्या शिकलेल्या लोकांना काय, सुचेल ते छापून पाठवतात, असं आजीचं मत होतं. पण नियम म्हणजे नियम. तिने उरलेले दोन्ही दाणे डावीकडे ठेवले.

परतताना रुंबी कुंपणाच्या कडेकडेने चालत होती.

"आजी, शेवटच्या दोन्हींना कोणीच हो म्हणत नाही का गं?"

"देवाची कृपा. कोणी म्हणूही नये."

"एकसुद्धा नाही?"

"चाळीस पोरं झाली. एक नाही."

रुंबीने एकदा मागे वळून पाहिलं आणि झपाझप चालू लागली.

दुसऱ्या दिवशी आजी मुनाशेला आणि त्याच्या आईला घेऊन निघाली. रुंबीचं डोकं दुखत होतं. आजीने तिच्या उशाशी आंबील ठेवली, ऊन नको म्हणाली म्हणून खिडकी लावून घेतली, आणि लवकर येते म्हणून सांगितलं.

दवाखान्यातल्या सिस्टर मुतासाने मुनाशेला तपासलं, त्याच्याशी बराच वेळ बोलली.

"वेळेवर आणलंत," ती म्हणाली. "आत्ताच औषध सुरू केलं तर पोरगा पुन्हा शाळेत जाईल. आजी, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही बघा."

आजीच्या डोळ्यांना धार लागली. लव्हमोरला वाचवता आलं नाही, पण हा वाचणार होता. इतकी वर्षं उन्हातान्हात पायपीट केली ती याच दिवसासाठी, असं तिला वाटलं.

"कागदासाठी प्रश्न एकदा माझ्यासमोर व्हायला हवेत," म्हणत सिस्टरने कार्ड उघडलं.

सवयीने आजीने खिशातून दाणे काढून मुठीत घेतले. सिस्टर वाचू लागली तसा आजीचा ऊर भरून आला. शब्द न् शब्द तिला पाठ होता. एकेक दाणा मांडीवर जात राहिला. उजवीकडे पाच झाले, डावीकडेही पाच झाले.

"झालं," म्हणत सिस्टरने कार्ड मिटलं.

"रेडिओचा राहिला," मुनाशे म्हणाला. "आणि कणगीचा."

"कसला रेडिओ?" सिस्टरने कार्ड पुन्हा उघडलं, उलटून मागची बाजूही पाहिली. "दहाच प्रश्न आहेत. पहिल्यापासून दहाच होते."

सेकेसाईआजीने मूठ उघडली. आत दोन दाणे उरले होते.