पाटील हाय

“पाटील हाय,” म्हणत वरच्या वाडीतल्या कुशाबांनी मोबाइल दीक्षाच्या नाकासमोर धरला. वाडीच्या ग्रुपवर नुकताच एक शब्द उमटला होता: हाय. पाठवणारे, कोंडाजी पाटील. कोंडाजी पाटील चैत्रात वारले होते. आता आषाढ संपत आला होता.

दीक्षाच्या छत्रीतून पाणी गळत होते. सकाळी वाडीच्या डोक्यावरच्या डोंगराला भेग दिसली होती, दुपारी झरे गढूळ झाले होते, आणि अंधारापूर्वी सर्वांना रस्त्यापलीकडच्या शाळेत न्यावे, असा निरोप महाडहून आला होता. तो घरोघर पोहोचवणे हे पोलीस पाटलाचे काम आणि नवी पोलीस पाटील दीक्षा होती. तिने भूगर्भशास्त्राची पदवी घेतली होती. तिची बुद्धवाडी केव्हाच शाळेत पोहोचली होती. वरची वाडी हलत नव्हती. पहिल्या ग्रामसभेत कुणीतरी “पाटील हाय का?” असे विचारले, तेव्हा दीक्षाने स्वच्छ “आहे” म्हणून सांगितले होते. वरची वाडी त्यावर बराच वेळ हसली होती.

तिच्याआधीचे पोलीस पाटील कोंडाजी यांची रीत सगळ्या खोऱ्याला ठाऊक होती. पावसाळ्यात रोज दिवेलागणीला ते पायथ्याशी जाऊन डोंगर निरखत आणि परतताना दारोदार ओरडत, “पाटील हाय रे.” म्हणजे मी बघून आलोय, तुम्ही झोपा. मोबाइल आल्यावर ते ओरडणे ग्रुपवर गेले आणि एका शब्दात मावले. भांडणेही ते फारसे न बोलता मिटवीत. दोन्ही पक्षांना ओटीवर बसवून चहा देत. चहा संपेपर्यंत तोंड उघडायचे नाही, असा दंडक होता. चहा इतका कढत असे की तो निवण्याआधी राग निवे. त्यांच्या हयातीत वाडीतले एकही प्रकरण पोलीस ठाण्यापर्यंत गेले नाही.

दिवसकार्य आटोपले त्याच संध्याकाळी ग्रुपवर ‘हाय’ आले. मुंबईच्या हृतिकने ते इंग्रजी समजून ‘हाय काका, कसे आहात?’ असे विचारले आणि मग घाबरून ग्रुप सोडला. वाडीने मात्र तो शब्द मराठीच धरला आणि पाटलांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. तुळसाची म्हैस हरवली होती. ती जिवंत हाय का? संध्याकाळी उत्तर आले: हाय. म्हैस दासगावच्या बाजूला सापडली. मग कुणीतरी विचारले, कुशाबाचा बांध सरकलेला हाय का? हाय. दुसऱ्या दिवशी कुशाबांनी बांध मागे घेतला. प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्या यंत्राकडून कोणतीच माहिती मिळत नसते, हे दीक्षाने सर्वांना समजावून सांगितले होते. तसं असेल तर माझा बांध कसा हलला, असा बिनतोड सवाल खुद्द कुशाबांनीच केला होता.

“एका वाडीला दोन पाटील कशाला गो?” आता ते म्हणाले. “त्यानं बघितलंय. तो ‘नाय’ बोलंल तवा आमी हलू.”

दीक्षाने पुन्हा मोबाइलकडे पाहिले. आज संदेश रोजच्यापेक्षा बराच लवकर आला होता. आज ढगांमुळे अंधारही लवकर पडला होता. ढगांचा मृत माणसावर परिणाम होण्याचे कारण नव्हते. तो दिवा लावणाऱ्या माणसावर होतो. पाटलांच्या घरात दिवा लावायला आता फक्त त्यांच्या पत्नी राहीबाई होत्या. परंतु राहीबाईंना अक्षर येत नाही, हे सर्वांना माहीत होते. म्हणून तर संदेश पाटलांचा ठरला होता.

दीक्षा पाटलांच्या घरी गेली तेव्हा राहीबाई समईसमोर बसल्या होत्या. शेजारी पाटलांचा मोबाइल होता.

“मी कुटं लिवते?” दीक्षाने विचारल्यावर त्या म्हणाल्या. “तोच लिवतो. दिवा लावला की मी बोट ठेवते, बास.”

त्यांनी ग्रुप उघडून दाखवला. कुणी काही लिहिण्याआधीच मोबाइल शब्द सुचवीत होता. वर्षानुवर्षे त्या माणसाने जे लिहिले, तेच तो शिकला होता. पहिला शब्द, हाय. त्याला लागून दुसरा, नाय: एसटी आली का, रस्ता उघडला का, यांची जुनी उत्तरे. तिसऱ्या जागी चहाच्या कपाचे चित्र.

कोडे सुटल्याचा आनंद दीक्षाला झाला नाही. लोक ह्या एका शब्दावर विसंबून डोंगराखाली बसले आहेत, हे तिने राहीबाईंना सांगितले. दुसऱ्या शब्दावर तिला स्वतःलाही बोट ठेवता आले असते. तिचा हात पुढे गेला आणि थांबला.

“काकी, एवढं खोटं चालेल का?”

राहीबाईंनी समईची वात सारली.

“खोटं कुटं हाय त्यात?” त्या म्हणाल्या. “तो नाय, ह्ये खरंच हाय.”

चैत्रापासून त्यांनी हे वाक्य कुणाजवळ उच्चारले नव्हते. मग त्यांनी बोट ठेवले.

पाटलांनी स्वतःच ‘नाय’ म्हटल्यावर वाडीने छत्र्याही शोधल्या नाहीत. तुळसाने म्हशीचे दावे सोडले. कुशाबा मोबाइल छातीशी धरून सर्वांच्या पुढे धावत होते.

शाळेत दिवे नव्हते. सगळे दाटीवाटीने बसले, तोच बाहेर डोंगरावरून गोण्या घसरल्यासारखा आवाज सुरू झाला. मग तो थांबला. पाटलांच्या मोबाइलची बॅटरी संपली होती. दीक्षा विजेरी घेऊन रस्त्यावर गेली आणि तिथून डोंगर जेवढा दिसला तेवढा निरखून परत आली. दारात उभी राहून तिने पाणी निथळू दिले.

अंधारातून कुशाबांचा आवाज आला. तो कुणाला उद्देशून होता, हे त्यांनाही सांगता आले नसते.

“पाटील हाय का?”

“हाय,” दीक्षा म्हणाली.