हिरव्या टी-शर्टातली बाई

आरशाकडे तोंड करून झुंबा शिकवणाऱ्या ताईंना हल्ली ऐन गाण्यात पुढची स्टेप आठवेनाशी झाली होती. जिमच्या मालकाच्या कानावर गेलं असतं, तर त्याने नारळच दिला असता.

पण आरशात, शेवटच्या रांगेत, हिरव्या टी-शर्टातली एक बाई अचूक नाचायची. ताई गुपचूप तिचीच नक्कल करायच्या. मागे वळून पाहावं, तर तिथे नुसती भिंत! पण पोटापुढे भीतीचं काय चालतं? बाई रोज एक रांग पुढे सरकत होती, तरी ताई तिचीच नक्कल करत राहिल्या.

आज ताईंचं डोकं पार कोरं झालं, पाय जागीच खिळले. धास्तावून त्यांनी आरशात पाहिलं. बाई त्यांच्याच जागी नाचत होती. ताई कुठेच नव्हत्या.

मागून बायका ओरडल्या, “वा ताई! आज एकही स्टेप चुकली नाही हो तुमची!”