चाखलेली लापशी

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी नेरजवळच्या तांड्यात राजकुमारच्या घरी चूल पेटली होती, आणि नऊ वर्षांची निकिता चुलीजवळ यायला काही तयार नव्हती. पितरांची नावं घेत निखाऱ्यावर तूप-लापशीचा भोग टाकायची वेळ झाली होती. यंदा त्या नावांत तिच्या आबाजीचं, लालसिंगचंही नाव होतं.

“ये नं बाई,” राजकुमार लेकीला म्हणाला. “आबाजी वाट पाहून राह्यले.”

हे ऐकताच पोरीने असं भोकाड पसरलं, की त्याच्या हातातली पळी तशीच राहिली.

“मले नको बसवू तिथं! मागच्या दिवाळीले मी भोगाच्या आधीच लापशी खाल्ली होती. तूच सांगतलं होतं नं, उष्टा भोग टाकला तर जाळ उठत नाही, पितर रागावते. जाळ उठलाच नाही. मंग आबाजी मेले.”

वर्षभर पोर हे मनात घेऊन शाळेत जात होती, जेवत होती, आणि बापाला पत्ता नव्हता. बरं, दरसाल डोळे वटारून ते सांगणारा तोच. मागच्या वर्षी गोवऱ्या ओल्या होत्या, हे आता सांगून ती थोडीच ऐकणार होती!

चुलीशी बसलेली त्याची आई, मोतीबाई, जाळ सारखा करत म्हणाली, “किती खाल्ली होती व?”

“दोन बोटं.”

“बस? मी तं दरसाली वाटीभर खातो. गूळ बरोबर झाला का नाही, हे चाखल्याबिगर समजते काय?”

निकिताचं रडणं मध्येच अडकलं. “मंग पितर?”

“चाळीस वर्षं झाले, कोणीच काही बोललं नाही. तुह्या आबाजीले तं सारं माहीत होतं. आधी स्वतःची वाटी पुढं करत होते ते.”

“याडी!” आईला हाक मारताना राजकुमारचा आवाज चढला. “लहानपणी मी चाखली तं तू मले चिमट्यानं हाणलं होतं!”

“तवा माही सासू समोर बसली होती नं बापा! तिच्यादेखत काय सांगू?”

निकिता नाक पुसत फिसकन हसली. राजकुमारलाही हसू आवरेना. एवढा बाप्या माणूस, पण भोगाआधी लापशीचा वास घ्यायलाही आजवर भ्यायचा. त्याला एकदम हलकं वाटलं.

त्याने पळीभर लापशी काढली, फुंकून गार केली आणि लेकीपुढे धरली. “पाह्य बरं, गूळ झाला का?”

तिने चाखली. नीट विचार केला.

“आबाजीसाठी कमी आहे,” ती म्हणाली, आणि चुलीजवळ सरकून तिने गुळाचा एक खडा लापशीत टाकला.