लाम्बर्टची नेल

"उद्या मी सगळ्यांसमोर सांगणार आहे," उदय म्हणाला. "तो चित्रकार मीच, म्हणून."

प्रल्हादने हातातला डबा टेबलावर ठेवला. आज त्याने मुगाची खिचडी आणली होती. उदयची बायको ज्ञानदा गेल्यापासून तो दर शनिवारी नदी ओलांडून कोतोहून निशी-कसाईला यायचा आणि उदयला समोर बसवून जेवायला घालायचा.

"आधी जेव," तो म्हणाला.

उदयने दोन घास घेतले आणि चमचा खाली ठेवला.

ज्ञानदाची कादंबरी ती गेल्यावर पुण्यात छापून आली. इकडे जपानात, निशी-कसाईतल्या मराठी मंडळींनी रविवारी दुपारी हॉल घेतला होता. दोन उतारे वाचायचे, चहा, आणि नवऱ्याने चार शब्द बोलायचे, असा साधा कार्यक्रम होता.

ती असताना उदयने त्यातली एक ओळही वाचली नव्हती. ती लिहायला बसली की तो चहा तिच्या कोपराशी ठेवायचा आणि दार लोटून घ्यायचा. लिहून झालेली पानं पाकिटात घालून सकाळी कावासाकीच्या ऑफिसला जाताना वाटेत प्रल्हादकडे द्यायचा. प्रल्हाद ती तपासून द्यायचा. पाकिटात काय आहे हे उदयने कधी विचारलं नाही. आपल्याला त्यातलं काय कळतंय, असं त्याला वाटायचं.

छापील पुस्तक त्याने जाता-येता ट्रेनमध्ये वाचलं. शेवटच्या प्रकरणाला तो उतरायचं विसरला आणि पार योकोहामाला पोचला. फलाटावरच्या बाकावर बसून त्याने ते संपवलं. त्या दिवशी तो ऑफिसला गेलाच नाही.

गोष्ट साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या हॉलंडमधली. लाम्बर्ट नावाचा चित्रकार आणि त्याच्या घरची मोलकरीण नेल. नेल रंग घोटते, कुंचले धुते, सूप गरम करून ठेवते, दार हळूच ओढून घेते. चित्रकाराचा जीव कालव्यापलीकडच्या घरात राहणाऱ्या एका बाईत गुंतलेला. तिच्यासाठी काढलेली छोटी चित्रं फडक्यात गुंडाळून नेलच तिकडे पोचवते. आत काय आहे ते ती बघत नाही. लाम्बर्टला तिच्याशी बोलायला कधी वेळच होत नाही. अखेर म्हातारा, आजारी लाम्बर्ट नेलचं चित्र काढायला घेतो आणि डोळ्यांपाशी अडतो. जन्मभर समोर वावरलेल्या या बाईच्या डोळ्यांचा रंग त्याला आठवत नाही.

"हे माझ्यावरच लिहिलंय तिने," उदय म्हणाला.

"कादंबरी आहे ती. जसंच्या तसं काही नसतं."

"पुण्यात ती कॉलेजात शिकवत होती. माझ्या कॉन्ट्रॅक्टपायी सगळं सोडून इथे आली. आधी कोन्बिनीत, त्या चोवीस तास उघड्या दुकानात, पार्टटाइम उभी राहिली, नंतर घरीच. तू सुखी आहेस का, हे मी कधी विचारलं तिला? मी फक्त कचरा वेगळा करायचो, भांडी घासायचो आणि झोपायचो."

"रोज घासायचास."

"त्याचं काय एवढं?"

प्रल्हादने चमचा उचलून पुन्हा त्याच्या हातात दिला.

"हॉस्पिटलमध्ये एकदा मला म्हणाली, चष्मा काढ आणि जरा उजेडात ये. कितीतरी वेळ बघत राहिली. मला वाटलं, औषधांमुळे तिला नीट दिसत नसेल. मग रडली. मी नर्सला बोलावलं." उदय थांबला. "आता कळतं. निदान आता तरी माझ्याकडे बघ, असं म्हणत होती ती मला. आणि मी नर्सला बोलावलं."

खाली खेळून परतणारी मुलं जपानीत काहीतरी ओरडत सायकलींवरून गेली. प्रल्हाद उठला आणि त्याने खिडकी लावून घेतली. तो तिथेच पाठमोरा उभा राहिला.

"उद्याचं बोलणं होऊ दे," उदय म्हणाला. "मग पुण्याला जातो. ऑफिसात राजीनामा दिलाय. तिच्या आईच्या पायांवर डोकं ठेवून सांगणार आहे, तुमची लेक मी वापरून टाकली. त्यांनी घरात घेतलं तर त्यांचं करत राहीन. नाही घेतलं, तर तेही बरोबरच आहे."

"असं करू नकोस, उदय."

"का? खोटं आहे?"

"हो."

उदय त्याच्याकडे बघत राहिला. प्रल्हादचा आवाज बसला होता. ज्ञानदाच्या अंत्यविधीला सगळं त्यानेच धावपळ करून पार पाडलं होतं. तेव्हाही त्याचा आवाज असा बसला नव्हता.

"तू मला बरं वाटावं म्हणून बोलतोयस," उदय म्हणाला. "गेलं वर्षभर तेच करतोयस. तुझे उपकार कसे फेडू, तेच कळत नाही मला."

"उपकार म्हणू नकोस." प्रल्हाद खिडकीपासून वळला आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. "हे कधीच बोलायचं नाही, असं ठरवलं होतं मी. पण तू तिथे उभा राहून हे सांगणार आणि मी पहिल्या रांगेत बसून ऐकणार, हे माझ्याच्याने व्हायचं नाही. कोण म्हणजे कोण, हे तिने मला पहिल्या पानापासून सांगितलं होतं. नेल म्हणजे ज्ञानदा नव्हे, उदय. चित्रकार ती आहे. नेल तू आहेस."

उदयला काही समजेना. त्याने टेबलावरचं पुस्तक जवळ ओढलं, पण उघडलं नाही.

"मी?" तो म्हणाला. "मग ते कालव्यापलीकडचं घर?"

"माझं," प्रल्हाद म्हणाला.