जवळ्याचं बिऱ्हाड

"खाडीचं गढूळ पाणी जिथे समुद्राला मिळतं, तिथेच जवळा राहतो गो. पाणी निळं दिसलं की जाळं भिजवूसुद्धा नको," असं सासूने चांगुणाला लग्नाच्या वर्षीच सांगून ठेवलं होतं.

आज कमरेइतक्या पाण्यात तिला स्वतःच्या पायाची बोटं दिसत होती. नव्या धक्क्याच्या भिंतीने खाडीचा गाळ उत्तरेला वळवला होता आणि गाळावर जगणाऱ्या, कोळंबीहून बारीक जवळ्याने बिऱ्हाड शेजारच्या गावी हलवलं होतं. उद्या नवऱ्याचं श्राद्ध. दरवर्षी पानावर ओला जवळा वाढीन, असा शब्द तिने त्याला अखेरच्या दिवशी दिला होता.

"बाजारातला सुका वाढ की," किनाऱ्यावरून शेजारीण म्हणाली. "मेलेल्याला काय कळतंय?"

"सुका त्यांना जिवंतपणीच चालत नसे."

उत्तरेच्या त्या गावच्या किनाऱ्यावर कुणी जाळं टाकायचं, ते तिथे दिलेली नणंद ठरवत असे. चांगुणाने जाळं पिळून खांद्यावर घेतलं. सोमवार, चतुर्थी, एकादशीच्या उपासांना हात न लावता, नणंदेशी अकरा वर्षं पाळलेलं मौन तेवढं तिने सोडायचं ठरवलं आणि वाळूवरून उत्तरेकडे चालू लागली.