शुक्रवारची परात

नाझी कप्तानाने बेल्जियममधल्या त्या मठाच्या टेबलावर डुकराच्या मांसाची परात आदळली. नन्सच्या झग्यांत ज्यू बाया लपल्यात, असा त्याला वास लागला होता. आणि आपल्या नाकाचा त्याला कोण अभिमान! “ज्यूंना डुक्कर वर्ज्य. जी खाणार नाही, ती ज्यू,” म्हणत त्याने स्वतःही एक तुकडा तोंडात टाकला.

एकाही ननचा हात हलला नाही. कप्तान हरखला. अख्खा मठच ज्यू निघाला की!

झग्यातली खरी ज्यू होती पेर्ला, लेकीला घेऊन इथे लपलेली. आपल्यापायी सगळ्या मरतील, म्हणून डोळे मिटून तिने भलामोठा तुकडा तोंडात कोंबला.

“अगं खादाडे!” मठाच्या प्रमुख मदर कडाडल्या. “शुक्रवारी मांस? येशू क्रुसावर गेला त्या वारी?” मग त्या वळल्या. “आणि कप्तानसाहेब, गळ्यात क्रूस घालून तुम्हीसुद्धा?”

कप्तानाने घास कसाबसा गिळला, क्रूस कॉलरखाली ढकलला आणि माफी मागत तो सटकला.

पेर्लाने तो तुकडा तोंडात तसाच धरून ठेवला होता. मदरनी तिच्यापुढे तळहात धरला.

“थुंक, पोरी. आज हे तुझ्या देवालाही चालत नाही आणि माझ्याही.”