मोर तोच

"तीनपैकी एक सांग, उमा. दुकान, संशोधन की मास्तरकी?"

शहागंजातल्या आपल्या औषधाच्या दुकानात हेमचंद्रकाकांनी हातातला कागद काउंटरवर आपटला. दुकानात त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या उमाने त्यावर पुढच्या तीन वर्षांचा बेत लिहून दिला होता. सकाळी फार्मसी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचं, दुपारपासून काकांच्या दुकानात काउंटर सांभाळायचा आणि इथल्याच पेशंटांवर पीएच.डी. करायची. हा सगळा डोलारा एकाच खांबावर उभा होता. सकाळी दुकानात काकांनी बसायचं. आणि काकांनी तर येत्या दिवाळीला शटर कायमचं खाली ओढायचं ठरवलं होतं. कॉलेजला आज पाचपर्यंत होकार कळवायचा होता. साडेतीन वाजून गेले होते.

"हा बेत आहे की एसटीचं वेळापत्रक?"

"काका, तिन्ही मिळून काम एकच आहे."

"चौतीस वर्षं गोळ्या देतोय मी. संशोधनावाचून काही अडलं नाही."

उमा काही बोलणार, तेवढ्यात पैठणच्या दगडाबाई आल्या. हातमागावर पैठणी विणणारी ही बाई दर महिन्याला एसटीने यायची. तिची रीत ठरलेली. चिठ्ठी दाखवायची नाही, औषधाचं नाव सांगायचं नाही. रुमालाची गाठ सोडून गोळ्यांची रिकामी पाकिटं पुढे ठेवायची, की झालं.

"ह्याच द्या."

पाकिटं दोन होती, एक पांढऱ्या गोळ्यांचं, एक तांबड्यांचं. काकांचा हात न बघता फळीवर गेला आणि दोन्ही नवी पाकिटं काउंटरवर आली. या हाताचा त्यांना फार अभिमान होता.

उमा मात्र काउंटरवरून वाकून दगडाबाईंचे पाय बघत होती. पायांत मोठ्या, पुरुषी चपला होत्या.

"मावशी, ह्या चपला कुणाच्या?"

"मालकाच्या. माझ्या बसंनात. पाय लई सुजल्यात. अन् मागावर बसलं की गरगरतंय."

"कधीपासून?"

"व्हतील की वीस रोज."

उमाने त्यांना स्टुलावर बसवून दंडाला पट्टा बांधला. यंत्रावरचा आकडा फारच खाली होता.

"ही पांढरी गोळी कशाची?"

"बीपीची."

"आणि तांबडी?"

"ती मागल्या खेपंला काकांनी दिली. चांगलीच असंल, म्हनून दोन्ही घेते रोज."

काकांना एकदम आठवलं. मागच्या महिन्यात पांढरी आली नव्हती. दुसऱ्या कंपनीची तांबडी त्यांनीच दिली होती. औषध तेच, फक्त रंग आणि नाव वेगळं. पांढरीच्या ऐवजी ही घ्यायची, हे मात्र सांगायचं राहिलं. बाईंच्या घरी पांढऱ्या शिल्लक होत्या. आणि आत्ता पुन्हा दोन्ही त्यांच्याच हाताने काढून ठेवल्या होत्या!

उमाने काकांकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन्ही पाकिटं उलटी करून तिने बारीक अक्षरांतल्या औषधाच्या मूळ नावाखाली नख ठेवलं.

"मला वाचता येत नाय, बाई."

"वाचू नका. नक्षी म्हणून बघा."

दगडाबाईंनी पाकीट डोळ्यांजवळ धरलं. आयुष्यभर धागे मोजलेलं बोट एकेका अक्षरावरून फिरलं, मग दुसऱ्या पाकिटावरून. पुन्हा पहिल्यावर आलं.

"एकच हाय की गं!"

"साडीचा रंग बदलला म्हणून पदरावरचा मोर बदलतो का?"

"नाय. मोर त्योच." दगडाबाई हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. "आमच्या शेजारची साळूबाई बी दोन रंगांच्या खाती. घरी गेले की तिची नक्षी बघते."

चौतीस वर्षांत हजारो माणसांना काकांनी औषध दिलं होतं, पण अक्षर न येणाऱ्या कुणालाही औषध वाचायला शिकवलं नव्हतं.

"आज यातली एकही घेऊ नका. आधी डॉक्टर," म्हणत उमा दगडाबाईंचा हात धरून त्यांना मागच्या गल्लीतल्या दवाखान्यात घेऊन गेली.

काका एकटेच उरले. फळीमागे जुन्या दिनदर्शिकेची पानं उलटी टांगलेली होती. त्यांवर उमा आठ महिने रिकामी पाकिटं चिकटवत होती आणि काका त्याला पोरखेळ म्हणत होते. आज त्यांनी चष्मा लावला. एकाच औषधाच्या, दोन रंगांच्या अडतीस जोड्या. प्रत्येकीखाली पेशंटचं वय, गाव, काय त्रास झाला ते. शेवटचा रकाना 'कुणी दिली'. तो वरपासून खालपर्यंत कोरा होता. तिथे त्यांचंच नाव आलं असतं; कोरा का ठेवला, ते त्यांना कळलं. पोरीचा मोठेपणा त्यांच्या काळजाला लागला.

उमा परतली तेव्हा पावणेपाच झाले होते. "डॉक्टरांनी एकच गोळी ठेवलीय. घटकाभर झोपवलंय त्यांना," ती म्हणाली आणि थबकली.

काका एकोणचाळिसावी जोडी चिकटवत होते. बोटं डिंकाने बरबटली होती. जोडीखालच्या शेवटच्या रकान्यात त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: हेमचंद्र.

"काका, संशोधनात नावं लिहायची नसतात."

"पेशंटचं लिहू नको. कॉलेजात तुझा पहिला तास कितीला?"

"साडेआठला."

"दिवाळीनंतरही मी आठला शटर उघडीन. कळव त्यांना." काकांनी शाईवर फुंकर घातली, पान खिळ्यावरून काढलं आणि तिच्या हातात दिलं. "पहिल्या तासाला हेच पान घेऊन जा. आणि नाव झाकू नको."